वावरात चालेल असा फोन कोणता?

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. घरी तीन एकर वावर आहे, कापूस अन् तूर. सकाळी गावात घरोघरी जाऊन नोंदी भरते, दुपारून वावरात. जुना फोन आता सारखा अटकतो. बारा हजारांपर्यंत खर्च करू शकते. दुकानदार म्हणतो १०८ मेगापिक्सेलचा घ्या, पोरगा म्हणतो टॅब घे, अक्षर मोठं दिसतं. काय घेऊ, दादा?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, टॅब नको. स्वस्तातले बरेच टॅब फक्त वायफायवर चालतात, त्यात सिमच बसत नाही. शिवाय एका हातात रजिस्टर असताना तो सांभाळणार कसा? अक्षर मोठं करायची सोय फोनच्या सेटिंगमध्येही असते.

फोन बघण्याआधी रेंज बघा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले फोन घेऊन वावराच्या पार शेवटच्या धुऱ्यावर जा आणि तिथून घरी बोलून बघा. जिथं आवाज तुटत नाही, ते सिम ठेवा. गावात एक कंपनी आणि वावरात दुसरी चालत असेल तर दोन्ही ठेवा. मात्र काही फोनमध्ये दुसरं सिम टाकलं की मेमरी कार्डाला जागा उरत नाही, तेवढं आधी विचारून घ्या.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. ई-पीक पाहणीत वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो, त्याला साधा कॅमेरा पुरतो. तिथं कामी येतो तो जीपीएस. दुकानाबाहेर उघड्यावर नकाशा उघडा आणि निळा ठिपका तुम्ही उभ्या आहात तिथंच येतो का ते पाहा.

बाहेर आलाच आहात तर भर उन्हात, डोक्यावरचा पदर आडोशाला न धरता, स्क्रीनवरचा एखादा निरोप वाचा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच फोन झकास दिसतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा फिक्या स्क्रीनवर नाव शोधता शोधता जीव जातो. माझा ह्या गोष्टीवर फार जोर आहे, कारण फोन घेऊन झाल्यावर ती सुधारता येत नाही.

रॅम (चालू असलेली कामं फोन ज्यात ठेवतो ती जागा; ती कमी पडली की फोन अटकतो) ६ जीबी आणि स्टोरेज (फोटो, अ‍ॅप साठवायची जागा) १२८ जीबी बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२ किंवा १६ जीबी रॅम लिहिलेली असते, तिच्यात स्टोरेजमधून उसनी घेतलेली रॅमही बरेचदा धरलेली असते. ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. खरा आकडा किती, एवढंच विचारा.

बॅटरी ५००० एमएएचची घ्या आणि तिला उष्णतेपासून जपा. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात उन्हाळ्यात फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन माणसं येतात. विचारलं की कळतं, फोन टिनाखाली दुपारभर चार्जिंगला होता. तुम्ही रात्री किंवा पहाटे चार्ज करा. गरम झालेला फोन आधी सावलीत निवू द्या.

जुना घ्यायचा झाला तर *#०६# दाबून त्याचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, घ्या. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तसं उत्तर येतं. मग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.