नेब्युलायझरची वाफ कमी झाली असेल तर आधी धुण्याचे पाणी तपासा

प्रश्न : आमच्या घरी वडिलांसाठी घेतलेला नेब्युलायझर वर्षभरातच वाफ कमी देऊ लागला आहे. त्याचा कप आणि जाळी कशी साफ करावी, आणि मशीन जास्त दिवस टिकावी म्हणून काय काळजी घ्यावी?

उत्तर : नेब्युलायझर म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून ते श्वासातून देणारी मशीन, त्या तुषारांनाच आपण वाफ म्हणतो. आपण कप आणि जाळी या दोन्हींचा उल्लेख केला आहे, त्यामुळे आपल्याकडे नेमका कोणता प्रकार आहे याचा उलगडा होत नाही. कॉम्प्रेसरच्या मशीनला नळी आणि कप असतो, जाळी नसते. हातात मावणाऱ्या मेश मशीनला जाळी असते, नळी नसते. आमच्या घरात हे दोन्ही प्रकार आले, त्यांपैकी एक अजून रोज सकाळ-संध्याकाळ चालतो आणि दुसरा कपाटात पडून आहे. तो का पडून आहे यावरून आमच्या घरात आजही दोन मते आहेत, आणि दोन्ही यंत्रे धुण्याचे काम माझ्याकडेच असल्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

माझे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, मानवतच्या जिनिंगमध्ये उभी हयात रुई आणि सरकीच्या धुळीत राबले. बिडी त्यांनी कधी ओढली नाही, त्यामुळे दम्याचे खापर फोडायला बिडीसुद्धा हाताशी नव्हती. आठवडी सुटीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळून येते, असे ते तरुणपणापासून सांगत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराचे हेच ओळखीचे लक्षण आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. डॉक्टरांनी श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे सांगितले आणि घरी नेब्युलायझर घेण्यास सुचवले. तेव्हा परभणीहून आणलेली साधी कॉम्प्रेसरची मशीन आवाज पिठाच्या गिरणीसारखा करते, पण ती आजही चालू आहे.

दुसरी मशीन पुण्याहून आली. माझ्या थोरल्या दिरांनी दिवाळीला येताना वडिलांसाठी जाळीची महागडी मशीन आणली. त्यांचा हेतू चांगला होता आणि मशीनही चांगली होती, हे मी आधीच मान्य करते. तिचा आवाज नव्हता, ती सेलवर चालत असल्यामुळे वीज गेली तरी अडत नव्हते, आणि अण्णांना पडल्या पडल्या औषध घेता येत होते. मात्र त्या दिवाळीत मशीनची सगळी व्यवस्था दिरांनी स्वतःकडे घेतली. प्रत्येक वेळी औषध संपले की ते अंगणातल्या बोअरच्या नळाखाली जाळी धरत, झटकून पुसत आणि लगेच डबीत ठेवून देत. पुस्तिका वाचून मी एकदा सांगायला गेले, तर "वहिनी, पाणी ते पाणी, त्यात काय एवढे," असे उत्तर मिळाले. ते पुण्याला परतले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वाफ फारच विरळ होऊ लागली. फोनवर ऐकायला मिळाले ते असे : "खेड्यात चांगली वस्तू टिकतच नाही, तुम्हा लोकांना वापरताच येत नाही."

त्या दिवशी मी जाळी खिडकीच्या उजेडासमोर तिरपी धरून पाहिली. नाण्याएवढीही नसलेल्या त्या धातूच्या चकतीवर कडेकडेने पांढुरका थर बसला होता आणि मध्यभागी एक बारीक आडवी ओरखड होती. ती कशाची, हे मला पुढे माझ्या पुतण्याकडून कळले. दिवाळीतच वाफ जराशी कमी वाटली म्हणून त्याच्या वडिलांनी टूथब्रशने ती घासली होती आणि शेवटी टाचणीही लावून पाहिली होती. जाळीचा भाग सुटा मिळतो का याची चौकशी केली, तेव्हा त्याची किंमत आमच्या जुन्या कॉम्प्रेसरहून जास्त निघाली.

आता यातले शास्त्र सांगते, म्हणजे दोष खेड्याचा नाही हे आपल्याही ध्यानात येईल. मेश मशीनच्या जाळीला हजाराहून अधिक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्र अवघ्या काही मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढे असते. विजेवर थरथरणारा एक घटक ती जाळी सेकंदाला एक लाखाहून अधिक वेळा हलवतो आणि औषध त्या छिद्रांतून बारीक तुषार होऊन बाहेर पडते. आपल्याकडच्या खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावी, असे म्हटले आहे. मराठवाड्यातल्या कित्येक बोअरना हा आकडा पाळणे जमत नाही. ज्या भागात 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे लोक जमिनीच्या किती खोलातून पाणी उपसत असतील याचा विचार करा. अशा पाण्याचा थेंब जाळीवर वाळला की पाणी उडते आणि क्षार छिद्रात बसतो. ब्रश किंवा टाचणीने तो क्षार निघत नाही, जाळी मात्र फाटते किंवा वाकते, आणि एकदा वाकलेली जाळी पुन्हा सरळ होत नाही.

पाणी उकळून घेतले म्हणजे क्षारही जातात, असा एक समज घरोघरी आहे आणि तो अर्धाच खरा आहे. उकळल्याने जंतू मरतात, काही क्षार भांड्याच्या बुडाला पांढरे होऊन बसतात, पण बाकीचे पाण्यातच राहतात आणि पाणी आटल्यामुळे उलट दाट होतात. म्हणून शेवटचे खळखळून धुणे डिस्टिल्ड वॉटरने, किंवा ते नसेल तर आरओचे पाणी उकळून गार केलेल्याने करावे. बॅटरीत घालायचे पाणी या कामाला वापरू नये. मेश मशीनमध्ये औषध संपल्यावर थोडे डिस्टिल्ड वॉटर घालून ती एक-दोन मिनिटे तशीच चालवावी, उरलेले पाणी फेकून द्यावे आणि जाळी हात न लावता सावलीत सुकू द्यावी. थर बसलाच असेल तर पांढऱ्या व्हिनेगरच्या पातळ द्रावणात बुडवण्याची मुभा काही कंपन्या देतात आणि काही देत नाहीत, त्यामुळे पुस्तिका वाचूनच काय ते ठरवावे.

आपल्याकडे कॉम्प्रेसरची मशीन असेल तर काम सोपे आहे. त्या कपात खालून येणारी हवा एक मिलिमीटरहूनही बारीक तोंडातून जोरात निघते, तिच्या वेगामुळे तिथला दाब कमी होतो, औषध वर ओढले जाते आणि आतल्या छोट्या टोपीवर आपटून फुटते. एक ते पाच मायक्रॉनचे थेंब फुप्फुसात खोलवर पोचतात, त्याहून मोठे थेंब घशातच चिकटतात. ही आतली टोपी धुताना मोरीत वाहून गेली की वाफच येत नाही, आणि मग "मशीन बिघडली" म्हणून लोक नवी मशीन घेतात, असे मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. बारीक तोंडात औषध आणि ते पातळ करायचे सलाइन, म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी, सुकले की मिठाचे कण बसतात. श्वासनलिकेची सूज उतरवणारे ब्युडेसोनाइड हे औषध तर दुधासारखे गढूळ असते, त्याचा पापुद्राच धरतो. म्हणूनच ब्युडेसोनाइड अल्ट्रासोनिक, म्हणजे जाळीशिवाय नुसत्या कंपनांनी तुषार करणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या मशीनमध्ये चालत नाही, आणि जाळीच्या मशीनमध्ये चालत असले तरी प्रत्येक वेळी जाळी धुतल्याशिवाय गत्यंतर नसते.

माझा नेम असा आहे. औषध संपल्यावर लगेच कप, टोपी आणि मास्क सुटे करून भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुते, शेवटी गार झालेल्या उकळलेल्या आरओच्या पाण्याने खळखळवते आणि झटकून स्वच्छ कापडावर उघडे ठेवते. आतून पुसत नाही, कारण कापडाचे तंतू त्याच तोंडात अडकतात. नळी कधीही पाण्यात घालत नाही. तिच्यात ओल दिसली तर कप काढून नुसती मशीन दोन-तीन मिनिटे चालू ठेवते, हवेने नळी आपोआप सुकते. कप उकळता येण्याजोगा असेल तर अधूनमधून पाच मिनिटे उकळावा. पातळ पीव्हीसीचा मास्क आणि एकदाच वापरायचे स्वस्त कप उकळले तर वाकडे होतात, त्यांना एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांत अर्धा तास बुडवून ठेवता येते. ते द्रावण पुन्हा वापरू नये आणि भिजवल्यावर वर सांगितलेल्या पाण्याने स्वच्छ धुवावे, नाहीतर अण्णांसारखा माणूस आंबट वासानेच खोकायला लागतो.

मशीनच्या अंगावर एका छोट्या झाकणाखाली गोल फिल्टर असतो. तो काढून पाहा. पांढऱ्याचा राखाडी झाला असेल तर बदला, धुऊन परत लावू नका. जिनिंगच्या गावात आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत तो किती लवकर काळवंडतो हे पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून कळत नाही. मशीन गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नये, कारण हवेच्या फटी बुजतात आणि मोटर तापते. बऱ्याच घरगुती मशीन सलग वीस मिनिटांहून जास्त चालवण्यासाठी बनवलेल्या नसतात, त्यांना मधे विश्रांती द्यावी लागते. संध्याकाळी व्होल्टेज पडले की वाफ विरळ येते, तेवढ्यावरून कपाला दोष देऊ नये.

आपली वाफ खरोखर कमी झाली आहे का, हे पाहायचे असेल तर नव्या कपात तीन मिलिलिटर सलाइन घालून सलाइन संपत आल्याची फडफड ऐकू येईपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहून लिहून ठेवावे. साधारण आठ-दहा मिनिटे लागतात. पुढे तेवढ्याच औषधाला बराच जास्त वेळ लागू लागला, तर जुना कप टाकून नवा घ्यावा आणि पुन्हा वेळ पाहावी. नव्या कपानेही फरक पडला नाही तरच मशीनकडे वळावे. शेवटी कपात थोडे औषध उरतेच, ते संपावे म्हणून कपाला टिचक्या मारत तासभर बसू नये.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. औषध पातळ करायचे असेल तर फक्त निर्जंतुक सलाइन वापरावे, साध्या पाण्याने श्वासनलिका आवळू शकते. ब्युडेसोनाइड मास्कने दिल्यावर चूळ भरून तोंड धुवावे. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसात घट्ट कफ साठवणाऱ्या जन्मजात आजाराच्या रुग्णांसाठी व्हिनेगर पुरेसे मानले जात नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठीही निर्जंतुकीकरणाची पद्धत डॉक्टरांनाच विचारावी. बऱ्याच रुग्णांना स्पेसर (औषध धरून ठेवणारी पोकळ नळी) लावलेल्या इनहेलरनेही तेवढाच गुण येतो, तेव्हा मशीन लागतेच का हेही एकदा विचारून घ्यावे. आणि ओठ निळसर झाले किंवा माणसाला एक वाक्य सलग बोलता येईना, तर कप धूत न बसता दवाखाना गाठावा.

जाळीची मशीन घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. प्रवासात आणि वीज नसताना तिच्यासारखी सोय नाही. मात्र दिरांना मी जे सांगितले तेच आपल्यालाही सांगते : एकाच घरात, एकाच बोअरवर दोन मशीन होत्या. माझ्या हातची साधी मशीन आजही चालू आहे आणि त्यांच्या हातची महागडी मशीन काही आठवड्यांत बसली, त्यामुळे वापरता कोणाला येत नाही हे त्यांनीच ठरवावे. घेणार असाल तर सुट्या जाळीची किंमत आधी विचारा, डिस्टिल्ड वॉटरची बाटली बिलातच धरा, आणि सणाला आलेल्या पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी ती धुण्याचे काम रोज धुणाऱ्याच्या हातातून काढून घेऊ देऊ नका.