स्पीकरची वायर लाइटच्या पाइपात नको

प्रश्न: आमच्या फ्लॅटचं काम चालू आहे, हॉलमध्ये ५.१ होम थिएटर बसवायचंय. मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या मागच्या भिंतीवर येतील. इलेक्ट्रिशियन म्हणतो लाइट-फॅनचा पाइप तिकडेच जातोय, त्यातूनच स्पीकरची वायर ओढून देतो, उगाच वेगळं फोडायला नको. चालेल का? आणि वायर कुठली आणू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात चालणार नाही, त्यांना आजच फोन करून थांबवा. आवाजात गुणगुण येईल म्हणून म्हणत नाहीये, ती येईलही, पण खरी काळजी वेगळीच आहे. त्या पाइपात २३० व्होल्ट आहेत. स्पीकरच्या वायरचं आवरण तेवढ्यासाठी बनवलेलंच नसतं, कारण ८ ओहमच्या स्पीकरला अँप (अँप्लिफायर, स्पीकर चालवणारं यंत्र) १०० वॅट देतोय असं धरलं तरी त्या वायरवर २८ व्होल्टच्या आसपासच असतात. आता ही नाजूक आवरणाची वायर ओढताना बेंडवर सोलली, किंवा दोन वर्षांनी उंदराने कुरतडली आणि शेजारची फेज तिला लागली, तर २३० व्होल्ट थेट स्पीकरच्या मागच्या उघड्या क्लिपांवर येणार आणि दुसऱ्या टोकाला अँपमध्ये शिरणार. सोफ्यामागे गेलेला बॉल काढायला पोरं तिथेच हात घालतात हो.

इलेक्ट्रिशियनचं म्हणणं कळतं मला, भिंत फोडा, परत प्लास्टर करा, पुट्टी मारा, खर्च त्याचाच असतो, वायरचा नाही. पण तुमचं काम अजून चालूच आहे ना, मग आत्ताच २५ एमएमचा एक वेगळा पीव्हीसी पाइप टाकून घ्या, लाइटच्या पाइपापासून फूटभर लांब, आणि त्याला ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा, दोघांना शेजारी शेजारी लांबवर नेऊ नका. डबाही वेगळाच, स्विचबोर्डच्या डब्यात स्पीकरची वायर काढायची नाही. पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे अजून एखादी वायर ओढावीशी वाटली तर कामाला येते. आणि प्लास्टर व्हायच्या आधी भिंतीला मोजायची टेप लावून मोबाइलवर फोटो काढा, नंतर फ्रेम टांगायला ड्रिल मारताना हाच फोटो पाइप वाचवतो.

वायर घेताना दुकानात गेज (जाडीचा नंबर) सांगू नका, स्क्वेअर एमएम सांगा. गेजमध्ये अमेरिकन आणि आपल्याकडचा जुना एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) असा घोळ आहे, १६ नंबर म्हटलं की एकात १.३ स्क्वेअर एमएम आणि दुसऱ्यात २ च्या वर. तुमचे स्पीकर ८ ओहमचे असतील आणि वायर १५ मीटरपर्यंत असेल तर १.५ स्क्वेअर एमएम पुरते, कारण जाऊन-येऊन ३० मीटर तांब्याचा विरोध साधारण ०.४ ओहम होतो, म्हणजे ८ च्या पाच टक्के, तेवढं चालतं. ४ ओहमचे असतील तर २.५ घ्या. मोजताना मात्र फरशीवर मोजू नका, वायर आधी भिंतीने वर जाते, मग छतावरून फिरते, मग परत खाली येते, १५ फुटांच्या हॉलला ३५ फूट सहज लागते.

आणि वायर तांब्याचीच घ्या. दुकानात वरून तांबूस दिसणारी पण आतून अॅल्युमिनियमची वायरही मिळते, तिचं एक टोक सोलून एका तारेवर ब्लेड घासा, आतून पांढरी निघाली तर परत करा. तेवढ्याच जाडीत तिचा विरोध तांब्याच्या दीडपट असतो, आणि तार चार वेळा वाकवली की तुटते.

प्रश्न: नवीन अँपला सगळं जोडलं. हळू आवाजात ठीक चालतं, वाढवला की डिस्प्लेवर 'प्रोटेक्ट' येतं आणि बंद पडतं. दुकानदार म्हणतो अँपच गेलाय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अँप दुकानात न्यायच्या आधी त्याचा प्लग भिंतीतून काढा आणि टॉर्च घेऊन मागची बाजू बघा. माझ्या मावसभावाकडे हेच झालं होतं. लाल क्लिपमधून एक तार, केसाइतकी बारीक, बाहेर राहिलेली आणि काळ्या क्लिपला जेमतेम टेकलेली, ती डोळ्याला दिसतच नव्हती, टॉर्च तिरका धरल्यावर चमकली तेव्हा कळलं. वायर जेवढी क्लिपमध्ये बसते तेवढीच सोला, म्हणजे सेंटीमीटरभर, तारा घट्ट पिळा, जमलं तर बनाना प्लग (तारांच्या टोकाला बसवायची, थेट भोकात जाणारी पिन) लावा.

तिथे काही नसेल तर अँपकडून वायर मोकळी करून मल्टीमीटर ओहमवर ठेवून लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, घाबरू नका, ते बरोबर असतं. शून्याजवळ आला तर वायर मध्येच कुठेतरी चेपलीय किंवा तिच्यातून खिळा गेलाय. आणि एकाच क्लिपला दोन स्पीकर जोडलेत का तेही बघा, ८ आणि ८ समांतर जोडले की अँपला ४ ओहम दिसतात, मागे '६ ओहम किंवा जास्त' असं छापलेलं असेल तर मोठ्या आवाजात तो बंद पडणारच, त्याने स्वतःला वाचवलंय.

प्रश्न: सबवूफरमधून सारखा 'हूंऽऽ' आवाज येतो. शेजारच्यांनी तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगितली, खरंच आवाज गेला. तसंच ठेवू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नको, कृपा करून आजच ती पिन परत लावा. आत काही बिघडून फेज सबवूफरच्या धातूच्या भागाला लागली तर करंट जायला तीच वाट असते, ती बंद केली की उरतो तुमचा हात. आवाज अर्थिंग दोन वाटांनी आल्यामुळे येतो, आणि बरेचदा दुसरी वाट केबल टीव्हीची असते. ती केबल सेटटॉप बॉक्समधून काढून बघा, आवाज थांबला तर चोर सापडला, केबलवाल्याकडून मध्ये आयसोलेटर (केबलच्या वाटेने येणारं अर्थिंग तोडणारा छोटा जोड) लावून घ्या. मग टीव्ही, अँप आणि सबवूफर एकाच बोर्डवर आणा. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या, होम थिएटर असो वा नसो.

प्रश्न: जुन्या वायरच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, लाल-काळा कसं ओळखू?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: वायर स्पीकरला जोडलेली राहू द्या, अँपकडून काढा. १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा आणि घरातल्या कोणाला तरी वूफरच्या कोनकडे (मोठ्या स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याकडे) बघायला सांगा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर लाल, आत गेला तर उलट. तिला लगेच लाल टेप गुंडाळा. एक स्पीकर उलटा राहिला म्हणून काही जळत नाही, पण बास पातळ होतो आणि गाणारा मधोमध उभा आहे असं वाटतच नाही.