पहिली प्लाटून हाती घेणाऱ्या लेफ्टनंटसाठी

मनापासून अभिनंदन. मराठा लाइट इन्फंट्रीत पहिली प्लाटून (सुमारे तीस जवानांची तुकडी) सांभाळताना सुरुवातीला प्रत्येक जवानाचे नाव, गाव आणि घरची अडचण माहीत करून घ्या; पेरणीच्या दिवसांत रजेचे अर्ज का येतात हे त्यातूनच उमगते, आणि रजा नामंजूर झाली तर कारण त्याला समोर बोलावून स्वतः सांगा. सेक्शन (प्लाटूनमधील सुमारे दहा जवानांचा गट) सांभाळणाऱ्या हवालदाराला काम सोपवले की ते त्याच्या पद्धतीने पार पाडू द्या. नवे अधिकारी बहुधा येथेच चुकतात: रायफलींच्या तपासणीत जवानांदेखत हवालदारालाच फटकारतात आणि मग सेक्शनमध्ये त्याच्या शब्दाला वजन उरत नाही. चूक दिसल्यास त्याला बाजूला घेऊन बोला. निर्णयापूर्वी सुभेदार साहेबांचा, म्हणजे जवानांतून वर आलेल्या अनुभवी कनिष्ठ अधिकाऱ्याचा, सल्ला जरूर घ्या, मात्र जबाबदारी त्यांच्यावर ढकलू नका. गोपनीय अहवाल आणि पदोन्नतीचे विषय नंतर पाहू.