मराठी मदत-संकेतस्थळावर लाखो प्रश्नोत्तरं आहेत, पण शोधपेटीत काहीच सापडत नाही. शोध कसा सुधारावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सातबारा, आधार, पीक विमा, शिष्यवृत्ती असल्या कामांत लोक एकमेकांना मदत करतात अशी तुमची साइट आहे. उत्तरं चांगली आहेत, तरी रोज तेच प्रश्न नव्याने येतात आणि जुने सदस्य ‘आधी शोधून बघा’ म्हणत वैतागतात. मग आताची शोधयंत्रणा काढून एआयवाली घ्यावी का?

इतक्यात घेऊ नका. शोधयंत्रणांचं काम मी पोटापाण्यासाठी करते, आणि नवं इंजिन आणूनही जुनीच रडगाणी चालू राहिलेली पाहिली आहेत. आधी शोधपेटीचा लॉग, म्हणजे लोकांनी काय काय शोधलं याची नोंद, उघडा. एकही निकाल न आलेले शोध वेगळे काढा, आणि निकाल आले पण कुणी कशावरही क्लिक केलं नाही असे शोध वेगळे. दुसरा ढीग जास्त बोलका असतो. (वाचण्याआधी दहा आणि बारा आकडी संख्या झाकून टाका. लोक शोधपेटीत बिनदिक्कत मोबाइल नंबर आणि आधार क्रमांक टाकतात.) ही यादी प्रोग्रामरने एकट्याने वाचू नये, रोज उत्तरं देणाऱ्या एखाद्या जुन्या सदस्याला शेजारी बसवा.

मग दिसेल की विचारणाऱ्याची मराठी आणि उत्तर देणाऱ्याची मराठी वेगळी आहे. माणूस टाइप करतो ‘अंगठा लागत नाही’. उत्तरात असतं ‘बायोमेट्रिक पडताळणी अयशस्वी’. तो म्हणतो ‘पैसे पडले नाहीत’, उत्तर म्हणतं ‘अनुदानाची रक्कम जमा झाली नाही’. ‘बापाच्या माघारी नाव चढलं नाही’ या वाक्याचं उत्तर ‘वारस नोंद’ आणि ‘फेरफार’ या शब्दांखाली पडलेलं असतं. शब्दाला शब्द जुळवणाऱ्या यंत्राला यातलं काही कळणार नाही. म्हणून समानार्थी यादी करा, पण शब्दकोशातून नको, लॉगमधूनच उचला. ती शोधाच्या क्षणी लागू करा, इंडेक्स (कोणता शब्द कुठे आहे याची यंत्राने केलेली सूची) बांधताना नव्हे. म्हणजे एखादी जोडी चुकीची निघाली तर सगळा इंडेक्स पुन्हा बांधावा लागत नाही. सुट्या शब्दांपेक्षा शब्दसमूह जोडा. नुसतं ‘खातं’ घेतलंत तर बँकेचं खातं, जमिनीचा खाते क्रमांक आणि लॉगइनचं खातं, तिन्ही एकाच पोत्यात जातील.

आता सातबारा. लोक ७/१२ लिहितात, 7/12 लिहितात, ७-१२, सात बारा, सातबारा, शिवाय रोमन लिपीत. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात पूर्ण मजकुराच्या शोधासाठी शब्दाची किमान लांबी (काना-वेलांट्याही मोजून) मुळात ३ असते, जुन्या मायआयसॅम इंजिनात ४. तिरकी रेघ आली की ‘७’ आणि ‘१२’ असे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तोकडे म्हणून फेकले जातात. तुमच्या साइटवर सगळ्यात जास्त विचारली जाणारी गोष्टच अशी गायब होते! त्याच नियमाने ‘गट’, ‘कर’ आणि ‘घर’ जातात. मर्यादा ४ असेल तर ‘पीक’ आणि ‘वीज’ही गेली. ही मर्यादा खाली आणा, देवनागरी आणि इंग्रजी अंक एक करा, आणि सातबारा, ८अ (खातेउतारा) यांसारख्या नेहमीच्या रूपांना तुकडे पाडण्याआधीच एका शब्दात बांधा.

यापुढचा घोळ डोळ्यांना दिसत नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: खास ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगळे. घाईघाईने सगळी अदृश्य चिन्हं पुसलीत तर दऱ्यांचा दर्या होईल, म्हणून आधी दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्यात रूपांतर करा आणि मग पुसा. ‘ॲप’ या शब्दाचंही तेच. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (संगणकासाठीच्या अक्षरांच्या जागतिक सूचीत) २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन किंवा ‘ऍ’ वापरून काम भागवत होते, आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणात (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) ही रूपं एक होत नाहीत. तो नियम तुम्हालाच लिहावा लागेल.

तुमच्या प्रोग्रामरने कुठे ‘ॲक्सेंट काढून टाकणारा’ तयार कोड वापरलाय का, तेही विचारा. फ्रेंचसाठी तो ठीक आहे. देवनागरीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच वर्गात मोडतात, त्यामुळे ‘कुटुंब’चं ‘कटब’ होतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या नेहमीच्या रेगेक्सने (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या साधनाने) शब्द तोडत असाल तर ‘शाळा’चे ‘श’ आणि ‘ळ’ असे दोन तुकडे मिळतील, कारण काना त्याच्या लेखी अक्षरच नाही.

शब्दाला चिकटलेल्या प्रत्ययांवर तयार औषध मिळत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये शब्दाचं मूळ काढणारं साधन नेपाळीसाठी २०१९ साली आलं, हिंदीसाठी २०२१ साली. मराठी त्या यादीत नाही. इलास्टिकसर्च ही शोधयंत्रणा ज्यावर चालते त्या ल्युसीनमध्येही हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू आहेत, मराठी नाही. हिंदीचं साधन मराठीला लावून वेळ मारून नेऊ नका. हिंदीत ‘के लिए’ सुटं लिहितात, आपलं ‘साठी’ शब्दाला चिकटतं. मध्ये, साठी, पासून, कडून, वरून असे लांब प्रत्यय आधी काढणारी छोटी यादी लिहा, आणि ‘दाखल्या’चं ‘दाखला’, ‘सातबाऱ्या’चं ‘सातबारा’ करणारा सामान्यरूपाचा नियम जोडा. ‘ला’ काढताना जपून, नाहीतर दाखल्याचा ‘दाख’ उरतो. जसाच्या तसा शब्द आणि छाटलेला शब्द दोन्ही इंडेक्समध्ये ठेवा आणि जसाच्या तसा जुळला तर जास्त गुण द्या. ऱ्हस्व-दीर्घही इंडेक्सपुरतं एकच धरा. ‘दिन’ आणि ‘दीन’ एक झाल्याने मदतीच्या साइटवर कुणाचं काही बिघडत नाही.

निकालांच्या पानावर फार वेळ घालवू नका, दोनच गोष्टी करा. शीर्षकाखाली प्रश्नाची पहिली ओळ दाखवता, त्याऐवजी स्वीकारलेल्या उत्तरातली जुळणारी ओळ दाखवा, सोबत उत्तराची तारीख. सरकारी पोर्टलची पायरी बदलली की जुनं उत्तर दिशाभूल करतं. आणि ‘कृपया मदत करा’, ‘अर्जंट’ असली शीर्षकं बदलायचा अधिकार विश्वासू सदस्यांना द्या. फिल्टरांची रांग लावायचा मोह होईल, तो आवरा. फोनवर ते कुणी उघडत नाही.

खरी शोधपेटी ‘प्रश्न विचारा’च्या फॉर्ममध्ये आहे. बरेच जण शोधायला येतच नाहीत, थेट विचारायला येतात. शीर्षक टाइप होत असतानाच खाली मिळतेजुळते, उत्तर मिळालेले प्रश्न दाखवा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर-साइटवर हे होतं. शोधात काही सापडलं नाही तर रिकामं पान दाखवण्याऐवजी तेच शब्द घेऊन हा फॉर्म उघडू द्या. आणि पुनरावृत्त प्रश्न डिलीट करू नका, चांगल्या उत्तराला जोडून ठेवा. ‘अंगठा उमटत नाही’ असा लिहिलेला दुबार प्रश्न पुढच्या माणसाला त्याच उत्तराकडे नेतो. निकालांत मात्र अशा जोडलेल्या प्रश्नांची एकच ओळ दिसू द्या.

आता एआय. अर्थावरून शोधणारं मॉडेल ‘अंगठा’ आणि ‘बायोमेट्रिक’ यांची सांगड बऱ्यापैकी घालतं. पण नमुना ७ विचारल्यावर ते खुशाल ८अ पुढे करतं, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही शेजारीच राहतात. गट क्रमांक आणि एरर कोड यांतही तेच. म्हणून वरची डागडुजी करून शब्दांचा शोध पाया म्हणून ठेवा आणि मॉडेलचे निकाल त्यात मिसळा. त्याआधी लॉगमधले शंभर-दीडशे खरे शोध घेऊन प्रत्येकाचं बरोबर उत्तर कोणतं ते हाताने लिहून ठेवा. दर बदलानंतर ते उत्तर पहिल्या पाचांत येतं का, बघा. विक्रेता स्वतःचे सुबक मराठी नमुने घेऊन येईल. त्याला रोमन लिपीत टाइप केलेले, अर्धवट, चुकीच्या वेलांटीचे तुमचेच शोध द्या, आणि डागडुजी केलेल्या जुन्या शोधापेक्षा जास्त उत्तरं पाचांत आली तरच पैसे मोजा.