निमंत्रितांची गोल्फ स्पर्धा आणि देणगीच्या पावत्या : आम्ही केलेली चूक

लातूरच्या चिटणीस महोदयांचा प्रश्न वाचला आणि आमच्याच संस्थेचा तीन वर्षांपूर्वीचा पत्रव्यवहार कोणी नाव बदलून समोर ठेवला आहे की काय, असे वाटले. आघाडीच्या व्यावसायिक गोल्फपटूंना पुण्यात निमंत्रित करायचे, त्यांच्यासोबत खेळण्यासाठी हौशी उद्योजकांकडून प्रवेशमूल्य घ्यायचे आणि उरलेली रक्कम मुलींच्या वसतिगृहाला द्यायची, अशी आपली योजना आहे. एका कंपनीने ‘सीएसआरमधून (म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी करायच्या खर्चातून) दहा लाख देऊ, मैदानावर आमचे नाव लावा’ असे तोंडी कबूल केले आहे, तेव्हा पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे. मैदानाचे आरक्षण, कॅडी (खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे मदतनीस), शॉटगन पद्धतीने सर्व होलवरून एकाच वेळी होणारी सुरुवात, हे सारे मैदानाचे व्यवस्थापक अर्ध्या तासात समजावून सांगतील, म्हणून त्याबद्दल मी लिहीत नाही. मला आपल्या प्रश्नातल्या सीएसआरच्या त्या एकाच वाक्याबद्दल लिहायचे आहे, कारण आमची मुदत ठेव मोडली ती त्याच वाक्यामुळे.

मी सनदी लेखापाल नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर सोलापुरातील एका लहान संस्थेचा खजिनदार झालो. विडी कामगार महिलांच्या मुलींना शिक्षणासाठी मदत करणे, एवढेच आमचे काम आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्हीही मुलींच्या वसतिगृहासाठी पुण्यात अशी स्पर्धा घेतली. बारा व्यावसायिक खेळाडू आले, प्रत्येकाच्या संघात तीन हौशी खेळाडू होते आणि त्या छत्तीस जणांनी प्रत्येकी १५,००० रुपये भरले. कंपनीने दहा लाखांपैकी चार लाख आधी दिले आणि सहा लाख स्पर्धेनंतर द्यायचे ठरवले. प्रत्येक टीजवळ, म्हणजे होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेजवळ, कंपनीचे फलक होते, टोप्यांवर बोधचिन्ह होते, बक्षीस समारंभात मागे तिचाच मोठा पडदा होता, आणि आम्ही मात्र भाबडेपणाने त्या चार लाखांची देणगी म्हणून पावती दिली. इतकेच नव्हे, तर छत्तीस हौशी खेळाडूंनाही देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या कलम ८० जी खालच्या पावत्या दिल्या आणि १० बीडी या देणग्यांच्या विवरणात त्यांची नावे देणगीदार म्हणून भरली.

पुढे जुलैत कंपनीच्या लेखापरीक्षकांनी हरकत घेतली, आणि आता मागे वळून पाहताना मला ती पूर्णपणे रास्त वाटते. सीएसआरच्या नियमांत २०२१ साली स्पष्टच लिहिले गेले की, कंपनीच्या उत्पादनांना किंवा सेवांना प्रसिद्धीचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजकत्वाच्या रूपाने केलेला खर्च सीएसआर ठरत नाही. आणि त्याच्याही आधी, २०१४ च्या शासकीय परिपत्रकात मॅरेथॉनसारखे एखाददुसऱ्या वेळी होणारे कार्यक्रम त्यातून वगळलेले होते. आमच्याकडे सीएसआर-१ चा, म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांचा, नोंदणी क्रमांक होता आणि त्याच्या जोरावर आम्ही निर्धास्त होतो, परंतु तो क्रमांक संस्था पात्र आहे एवढेच सांगतो, खर्च पात्र आहे असे सांगत नाही. कंपनीने दिलेले चार लाख जाहिरात खर्चात वळते केले आणि उरलेले सहा लाख देण्यास नकार दिला. लेखी करार नसल्यामुळे आम्ही कोणाकडेही दाद मागू शकलो नाही.

हौशी खेळाडूंच्या पैशांचे दुखणे वेगळेच निघाले. ज्याने पंधरा हजार भरले, त्याला अठरा होलचा खेळ, नामवंत खेळाडूची सोबत, जेवण आणि टी-शर्ट मिळाले. मोबदला घेऊन दिलेल्या पैशाला देणगी म्हणत नाहीत, हे मी बँकेत असताना कोणालाही ठणकावून सांगितले असते, पण स्वतःच्या संस्थेच्या वेळी ते सुचले नाही. विवरण दुरुस्त करून द्यावे लागले, दिलेली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली, आणि केवळ पावतीसाठी आलेल्या अकरा जणांनी पैसे परत मागितले, ते आम्ही दिले. जमा ९,४०,००० होती, त्यातून १,६५,००० गेले आणि ७,७५,००० राहिले. खर्च ८,६०,००० झाला होता. वसतिगृहाला मदत देण्यासाठी भरवलेल्या स्पर्धेची ८५,००० रुपयांची तूट वसतिगृहाच्याच ठेवीतून भरून काढावी लागली, आणि ती नोंद वार्षिक सभेत मला वाचून दाखवावी लागली.

आम्ही आधी विचारणा केली नव्हती असे कोणी समजू नये. ज्या कार्यालयाचे नाव मी येथे घेणार नाही, त्या पुण्यातील एका कार्यालयात स्पर्धेपूर्वी मी चार वेळा गेलो. सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचे, दुपारपर्यंत बाकावर बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असे ते हेलपाटे होते. पहिल्या वेळी साहेब बैठकीला गेले होते, दुसऱ्या वेळी हा विषय दुसऱ्या शाखेचा असल्याचे कळले, दुसऱ्या शाखेने पुन्हा पहिल्या शाखेकडे बोट दाखवले, आणि चौथ्या वेळी एका गृहस्थांनी ‘सगळ्या संस्था असेच करतात, तुम्हीही करा’ असा सल्ला दिला. तेच मला लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी हात झटकले. माझा अर्ज कोणी नाकारला नाही, पण त्यावर आवक क्रमांकही कोणी टाकला नाही, त्यामुळे मी विचारले होते याचा आज माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. आपण कोणत्याही कार्यालयात गेलात तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा. तोंडी सल्ला देणारा माणूस लेखापरीक्षणाच्या दिवशी आपल्या शेजारी बसलेला नसतो.

आपण ‘हीरो कंपनी टायगर वुड्सच्या स्पर्धेला पैसे देतेच ना’ असेही लिहिले आहे. आमच्याही बैठकीत हेच उदाहरण निघाले होते, आणि ते नेमके उलट बाजूने बोलते. हीरो मोटोकॉर्प २०१४ पासून त्या स्पर्धेची मुख्य प्रायोजक आहे आणि स्पर्धेचे नावच हीरो वर्ल्ड चॅलेंज आहे. २०१५ पासून ती बहामाजमधील अल्बनी येथे भरते. भारताबाहेर केलेला खर्च, काही मोजके अपवाद वगळता, सीएसआरमध्ये धरताच येत नाही. म्हणजे तेथे प्रायोजकाचा पैसा उघडपणे नाव झळकवण्यासाठी असतो, आणि स्पर्धेचा लाभ वुड्स यांच्या प्रतिष्ठानाच्या शैक्षणिक कामाला होतो. निवडक खेळाडूंच्या त्या स्पर्धेत विजेत्याला दहा लाख डॉलर मिळतात, म्हणून धर्मादाय स्पर्धेत खेळाडू फुकट खेळतात हा आपल्याकडचा समजही काढून टाकावा. आपण बोलावलेल्या खेळाडूंना मानधन द्यावे लागेल, त्यातून टीडीएस कापावा लागेल, आणि तो खर्च कोण उचलणार हे निमंत्रण पाठवण्याआधी ठरलेले असावे.

माझे ठाम मत, जे आमच्या संस्थेतील काहींना आजही पटत नाही, असे की प्रायोजकत्व, प्रवेशमूल्य आणि देणगी या तीन रकमा सुरुवातीपासून वेगळ्या ठेवाव्यात. प्रायोजकाशी साध्या भाषेत प्रायोजकत्वाचा करार करावा, त्यावरचा जीएसटी कोणी भरायचा हे त्यातच लिहावे, आणि तो पैसा फक्त स्पर्धेच्या खर्चासाठी वापरावा. प्रवेशमूल्याची साधी पावती द्यावी. देणगी तीच म्हणावी, जिच्या बदल्यात देणाऱ्याला काहीही मिळत नाही. ८० जीचे आमिष दाखवण्यात तसाही फारसा अर्थ राहिलेला नाही, कारण नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांना ती वजावट मिळत नाही आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, वेगळा पर्याय न निवडल्यास, तीच प्रणाली लागू होते.

पुढच्या वर्षी आम्ही कंपन्यांकडून फक्त खर्चापुरते प्रायोजकत्व घेतले आणि देणगीसाठी अमेरिकेतील जॉन डीअर क्लासिक स्पर्धेच्या पद्धतीचा आधार घेतला. तेथे लोक व्यावसायिक खेळाडूंच्या प्रत्येक बर्डीमागे, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) एक फटका कमी मारून पूर्ण केलेल्या प्रत्येक होलमागे, ठरावीक रक्कम देण्याचे वचन आधीच देतात. आम्ही सोलापूरच्या नवी पेठेतील व्यापाऱ्यांकडे गेलो. गोल्फचे मैदान त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेही नव्हते, पण कोणी पन्नास, कोणी शंभर, कोणी पाचशे असे लिहून देत एकूण आकडा बर्डीमागे ४,७०० रुपयांवर गेला. त्या दिवशी बारा खेळाडूंनी मिळून ४६ बर्डी केल्या आणि २,१६,२०० रुपये जमले. दुपारभर दुकानांतून ‘किती झाल्या?’ असे फोन येत होते. एक खाचखळगा मात्र सांगतो : पन्नास रुपये लिहून देणाऱ्याचेही शेवटी २,३०० झाले, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ८० जीची सवलत नसते, म्हणून सर्वांकडून धनादेश किंवा यूपीआयनेच रक्कम घ्यावी.

तारखेबद्दलही एक सूचना करतो. आघाडीचे खेळाडू आपल्या सोयीने येत नाहीत, त्यांच्या वेळापत्रकातील फट शोधावी लागते. हीरो वर्ल्ड चॅलेंज डिसेंबरच्या सुरुवातीला ठेवतात ती मोठ्या स्पर्धा संपल्यावर. आयर्लंडमधील जे. पी. मॅकमॅनस प्रो-ॲम ही व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंची एकत्र स्पर्धा २०२२ साली ४ आणि ५ जुलै या सोमवार-मंगळवारी झाली, ब्रिटिश ओपन या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, जेव्हा खेळाडू त्या बाजूला येणारच होते. शनिवार-रविवारचा आग्रह आपल्या उद्योजकांचा असतो, तो खेळाडूंवर लादू नये.

भेटवस्तू म्हणून काचेची स्मृतिचिन्हे देऊ नयेत. आम्ही सोलापुरी टेरी टॉवेल दिले, कोपऱ्यात कडी शिवून, म्हणजे गोल्फच्या पिशवीला अडकवता येतात. एका खेळाडूने नंतर आणखी सहा मागवून घेतले. ते टॉवेल अक्कलकोट रस्त्यावरील एका कारखानदाराने विनामूल्य दिले होते आणि पहिल्या वर्षी आम्ही त्यांनाही किमतीची पावती दिली होती. वस्तुरूप देणगीला ८० जी लागू होत नाही, तेव्हा ती पावतीही मागे घ्यावी लागली. त्यांनी मात्र एका शब्दाने बोल लावला नाही.

मी लिहिलेली कलमे जुन्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत आणि जीएसटीचे नियम तर वरचेवर बदलतात. म्हणून माझ्या शब्दावर न जाता कंपनीला होकार देण्यापूर्वी आपल्या सीएंना दोनच प्रश्न लेखी विचारा : ही रक्कम देणगी आहे की प्रायोजकत्व, आणि आपल्या विश्वस्त दस्तऐवजातील उद्दिष्टांत असा कार्यक्रम बसतो का. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या कराराचा मसुदा हवा असल्यास नावे खोडून येथेच देईन. तोवर कंपनीच्या त्या अधिकाऱ्यांना त्यांचे तोंडी आश्वासन ईमेलवर लिहून पाठवण्याची विनंती करा, आणि ते काय शब्द वापरतात ते पाहा.