ओट्स भिजवले, भिजवलं की भिजवला?

गिरगावातल्या एका ताईंनी विचारलंय : "सकाळी आमच्याकडे ओट्स असतात. सासूबाई म्हणतात 'ओट्स भिजवला', मुलगी म्हणते 'भिजवलं', मी म्हणते 'भिजवले'. बरोबर कोण? शिवाय आमचा वाणी ओट्सना जव म्हणतो, तेच मराठी नाव का?"

आधी वाण्याचं बघू. जव म्हणजे सातू, इंग्रजीतली बार्ली. ओट्स हे निराळं धान्य. हिंदीत सातूला 'जौ' आणि ओटला 'जई' म्हणतात, घोटाळा बहुधा तिथूनच. वाण्याकडून माल घ्यावा, शब्द घेऊ नये.

मराठीत हा शब्द दोन वाटांनी शिरला. शेतावर तो 'ओट' आहे : रब्बीत पेरायचं चाऱ्याचं पीक. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' हा त्याचाच वाण. तिथे सारा एकवचनी कारभार, ओट पेरला, ओट कापला. मुंबईच्या स्वयंपाकघरात तो पुडक्यातून आला, म्हणून 'ओट्स', इंग्रजी शेपटीसकट. खुद्द इंग्रजीतही वाडग्यातले 'ओट्स' अनेकवचनी आणि गहू मात्र एकवचनी. यात तर्क शोधायला जाऊ नका. आपणही तांदूळ 'धुतले' म्हणतो आणि ज्वारी 'दळली'.

माझा कौल तुमच्या 'भिजवले'ला. पण त्या शेपटीमुळे नव्हे. एका बशीत मूठभर ओट्स घ्या, शेजारी जाडे पोहे. ओट्सच्या चकतीवर मधोमध एक बारीक रेघ दिसेल, ती मूळ दाण्याची खाच. तेवढी सोडली तर दोघं भाऊ-भाऊ. भात भिजवून, भाजून चेपला की पोहे. ओट सोलून, वाफवून रुळांखाली दाबला की ओट्स. म्हणजे तुम्ही भिजवता ते ओटचे पोहेच, मग क्रियापदही पोह्यांचंच लावावं. सासूबाईंच्या मनात बहुधा पुढचा उपमा असतो, म्हणून 'भिजवला'. लेकीचं 'भिजवलं' म्हणजे परक्या शब्दाला सरसकट नपुंसकलिंग, हल्लीची सवय.

एक गंमत मात्र आहे. मीठ आपण 'पोह्यांत' घालतो, पण 'ओट्समध्ये'. 'ओट्सांत' कुणी म्हणत नाही. सामान्यरूप होत नाही तोवर पाहुणा ओट्यापाशीच उभा!

इंग्रजीतला शब्द जुना, त्याचं जुनं रूप 'आटे'. आपल्या आट्याशी त्याचं काही नातं नाही, उगाच जुळवू नका. शेजारचे जर्मन याच धान्याला 'हाफर' म्हणतात, बोलीत 'हाबर'. तो शब्दही फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचला, पण पिशवीत बसून : हॅवरसॅक, म्हणजे घोडेस्वाराची ओट ठेवायची पिशवी. कारण हे धान्य मुळात घोड्याची चंदी. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात ओट्सची व्याख्याच अशी केली, की इंग्लंडात हे धान्य घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात. स्कॉटिश मंडळींना ते झोंबणारच.

आपल्याकडे चंदीची पिशवी घोड्याच्या तोंडाला बांधतात, तो तोबरा. तोंडभर घास कोंबून बोलणाऱ्या पोराला 'तोबरा भरलाय' म्हणतो, ते त्यावरूनच. तुमच्या लेकीची सहलीची हॅवरसॅक त्याच तबेल्यातली.