गावात जपानी बोलणारं कुणी नसेल, तर नुसत्या मोबाइल ॲपवर एकट्याने सराव करून बोलता येईल का?

येईल. पण फोनाशी बोलता येणं आणि माणसाशी बोलता येणं यात केवढं अंतर आहे ते तुम्ही विचारलेलं नाही, आणि माझं नाक कापलं गेलं ते नेमकं तिथेच. म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुम्ही लिहिलंय की गोव्यात साखळीला राहता, जवळ क्लास नाही, हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या झाल्यात, वाचता येतं पण तोंड उघडत नाही. मी तुमच्या शेजारचाच, डिचोलीचा. टॅक्सी चालवतो. त्याआधी टिपर होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद, तेव्हा टिपर विकून टाकला. आमच्या भागातलं खनिज बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून बोटीने जपानला जायचं. ‘जपानचा माल’ हा शब्द लहानपणापासून कानावर, जपानी माणूस मात्र कधी पाहिला नव्हता. मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हा वाटलं, मोरजी-हरमलची पोरं रशियन बोलून गिऱ्हाईक धरतात, आपण जपानी धरू.

दादाने तेव्हाच फाटा फोडला. त्याचं म्हणणं, ॲप इंग्रजीत आहे, आधी इंग्रजी नीट कर, मग जपानीच्या गोष्टी सांग. दादाचं सगळं इंग्रजीपासून सुरू होतं. मुलांची शाळा बदलली तेव्हाही ‘मराठीने काय पोट भरणार’ हेच वाक्य होतं, आणि तो स्वतः अजून आरत्या मराठीत म्हणतो. असो.

मी ४१२ दिवस एकही खाडा केला नाही. ॲप वाक्य ऐकवायचं, मी म्हणायचो, हिरवी खूण यायची. छाती फुगायची. मग एकदा मी ‘सफरचंद लाल आहे’ म्हणायला फोन पुढ्यात धरून बसलो असताना आईने खिडकीतून मासळीवालीला विचारलं, “बांगडे कशे दिले गो?” आणि फोनने हिरवी खूण केली! सफरचंद लाल आहे, शाब्बास. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. झालो नाही.

डिसेंबर २०२४. जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन चालू होतं, दहा वर्षांनी येतं ते. हॉटेलातल्या एका मित्राने मोपाचं भाडं दिलं: नागासाकीहून आलेल्या मायलेकी, आई ऐंशीच्या घरातली. “तुला येतं ना जपानी?” मी म्हटलं, येतं तर!

नमस्कार-चमत्कार झकास झाले. धारगळच्या पुढे मी विचारलं, “ओच्या वा दोऊ देस का?” म्हणजे चहाचं कसं काय? म्हातारी हसून म्हणाली, “दाइज्योबु देस.” ॲपने मला दाइज्योबु म्हणजे ‘ओके’ शिकवलेलं. मी गाडी बाजूला घेतली, दोन चहा आणि मिरची भजी सांगितली. दोघी उतरल्या, वाकून आभार मानले, भजी अर्धी अर्धी खाल्ली. मुलगी घड्याळ बघत होती, मला वाटलं फोटोसाठी ऊन बघतेय. पुढे पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामाची कोंडी. जुन्या गोव्याला पोचलो तेव्हा त्यांना गाठायची होती ती प्रार्थना संपलेली होती. दोघींपैकी एकीनेही तोंडाने काही म्हटलं नाही. संध्याकाळी मुलीने भाषांतराच्या ॲपवर लिहून फोन माझ्यापुढे धरला: आईला चहा नको होता, पण तुम्ही आधीच थांबला होता.

रात्री झोप नाही. आणि मग डोक्यात उजेड पडला. पंगतीत कुणी विचारतं, “भात वाढू?” आपण म्हणतो, “असू दे.” म्हणजे काय? नको! दाइज्योबु म्हणजे ते ‘असू दे’. चहा विचारल्यावर जपानी माणूस दाइज्योबु म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो नको म्हणत असतो. मी इंग्रजीतून शिकलो म्हणून ‘ओके’ ऐकलं. मराठीतून शिकलो असतो तर म्हातारीची प्रार्थना चुकली नसती. दादाला हे सांगितलं तर म्हणतो कसा, “चारशे दिवस फोनाशी बडबडून शेवटी भाषांतराचं ॲपच लागलं ना?” मुद्दा समजूनच घ्यायचा नसला की हे असं.

पण त्याच दिवशी एक गोष्ट जमली होती, ती तुमच्या कामाची आहे. देवळाच्या काल्याला आमच्या गावात मराठी नाटक होतं. दहा-बारा वर्षं मी कामं केलीत. नक्कल हातात आली की मी टिपरमध्ये एकटाच पाठ करायचो, खाणीवर रांगेत उभा असताना, मोठ्याने, हातवाऱ्यांसकट. समोरच्या पात्राची वाक्यंही मीच म्हणायचो. तसंच अंजिरोचं भाषण मी पाठ केलं होतं. अंजिरो म्हणजे १५४८ साली गोव्यात आलेला जपानी. इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला, इथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला आणि त्यालाच बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले. कॉलेजची आता नुसती कमान उरलीय. तिच्यासमोर गाडी थांबवून मी म्हटलं, “आंजिरो-सान वा कोको दे बेन्क्यो शिमाश्ता.” अंजिरो इथे शिकला. म्हातारीने कमानीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. मग तिने मला काहीतरी लांबलचक विचारलं. त्यातला शेवटचा ‘का’ तेवढा कळला, प्रश्न आहे एवढ्यापुरता. मी ‘हाई, हाई’ करत राहिलो. समोरच्या पात्राची वाक्यं या वेळी पाठ केली नव्हती ना.

तर आता मी असं करतो. ॲपमधलं सफरचंद सोडलं. दिवसभर मी मराठीत जे बोलतो ते जपानीत म्हणतो. बांधणी बहुतेक जागच्या जागी बसते, क्रियापद शेवटी, प्रत्यय नावाच्या मागे. इंग्रजीवाल्याला वाक्य उलटं करावं लागतं, आपल्याला नाही. ‘खाऊन बघा’ हे ‘ताबेते मिते कुदासाई’, त्यात ‘खाऊन’ही आहे आणि ‘बघणे’ही. ‘घेऊन ये’ म्हणजे ‘मोत्ते किते’. ‘विसरून गेलो’ म्हणजे ‘वासुरेते शिमात्ता’. ‘येता का?’ म्हणजे ‘किमासु का?’, तो शेवटचा ‘का’सुद्धा तिथेच, योगायोगाने. उच्चाराचंही तेच. जपानी ‘त्सु’ला इंग्रजीतून शिकणारे अडखळतात, आपला तो चुलीतला ‘चु’ आहे. आणि त्यांचा ‘फु’ ओठाला दात न लावता म्हणायचा, चूल फुंकतो तसा. अहो, त्यांच्या अक्षरांचा क्रमसुद्धा, आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना, संस्कृत वर्णमालेच्या वळणावर लावलेला आहे. हे दादाला सांगा.

मोपाहून रिकामी गाडी घेऊन परत येताना मी दोन्ही पात्रं करतो. गिऱ्हाईक आणि ड्रायव्हर. गिऱ्हाइकाने नाही म्हणायच्या चार तऱ्हा आधी पाठ केल्या. मग फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकतो. पहिले आठ दिवस लाज वाटेल, आपलाच आवाज आपल्याला शत्रूसारखा वाटतो. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे जपानी धडे फुकट आहेत, हिंदीतूनही. त्यातला माणूस बोलत असतानाच त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या शब्दाच्या अंतराने बोलत जायचं, भजनात धृपद धरतात तसं. वेग यानेच येतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. मी एकही परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे माझं कितपत ऐकायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, देणार असाल तर तिच्या एन५ ते एन१ या पाचही पातळ्यांत तोंडी परीक्षाच नाही. पास व्हाल आणि तोंड बंदच राहील. ॲपला, निदान माझ्या ॲपला, सुरांचा चढउतार कळत नाही. ‘हाशी’ एका सुरात चॉपस्टिक आणि दुसऱ्या सुरात पूल. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, आणि ‘बा’ लांबवून ‘ओबाआसान’ म्हटलं की आजी. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना भांडतो, बोलताना कुणीच पाळत नाही, ती सवय इथे नडते. आदरार्थी बोली तर वेगळंच जंगल, ते एकट्याला पार होणार नाही. आणि नोकरीसाठी मुलाखत वगैरे असेल तर महिन्यातून दोनदा तरी पैसे देऊन ऑनलाइन जिवंत माणूस गाठा. म्हणजे दादा अगदीच चूक नव्हता, फोनाशी बोलून भागत नाही हे खरं. पण त्याचं कारण तो सांगतो ते नाही.

ॲप कोणतं, हे विचारलं होतं तुम्ही. फोनवर आहे ते चालेल. त्यातली हिरवी खूण बघू नका, म्हणजे झालं.

दादाला कुणीतरी हे उत्तर पाठवणारच. दादा, माझी नक्कलांची वही गेल्या शिमग्यापासून तुझ्याकडे आहे. काएशिते कुदासाई. म्हणजे परत कर.